परसातला वाटाणा आणि मावा

गळ्यात तुळशीची माळ आहे, परसात वाटाण्याचे वेल आहेत, आणि पौषाच्या थंडीत कोवळ्या शेंड्यांवर हिरवा मावा बसला आहे. आता माळकऱ्याने काय करावे? कीर्तन आटोपल्यावर हा प्रश्न आम्हांस पुष्कळदा ऐकू येतो, आणि विचारणाऱ्याचा कळवळा खरा असतो.

कुणी म्हणतात, जीव मारण्यापेक्षा वाटाणा लावूच नये, बाजारातून आणावा. अहो, बाजारातल्या शेंगेवर मावा बसलाच नव्हता की काय? तो दुसऱ्याच्या हातून मेला, एवढेच. याला अहिंसा म्हणत नाहीत, दृष्टीआड सृष्टी म्हणतात.

शास्त्रकार भाबडे नव्हते. मनुस्मृतीत गृहस्थाच्या घरची पाच हिंसास्थाने मोजली आहेत: चूल, जाते, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा. नांगराखाली किती जीव मरतात, हे महाभारताच्या वनपर्वात मिथिलेचा धर्मव्याध कौशिक ब्राह्मणास ऐकवतो. तोही मांसविक्याच्या दुकानाचा धनी! पण म्हणून घर सोडा, असे मनूने गृहस्थास सांगितले नाही. रोजचे पाच यज्ञ सांगितले, आणि त्यांत भूतयज्ञ म्हणजे मुक्या जीवांचा घास ठेवला. अरणच्या सावतोबांच्या मळ्यातही कीड येतच असणार. त्यांनी मळा टाकला नाही.

मात्र हिंसा टळत नाही, हे ऐकून काही जण लगेच विषाचा पंप उचलतात. त्यांना आम्ही विचारतो, बाबांनो, ही गोड जातीची शेंग तुम्ही सालीसकट खाता ना? मग ते विष जाणार कुठे? थेट लेकराच्या तोंडी. शिवाय मावा खाणारे ढालकिडे त्याच फवाऱ्यात मरतात, आणि उरलेला मावा दुप्पट जोराने वाढतो. सकाळी पाण्याच्या जोरदार धारेने वेल धुवावा, फार भरलेला शेंडा खुडावा, तेवढ्याने भागले नाही तरच पाच टक्के निंबोळी अर्क मारावा. धारेने पडलेला मावाही बहुधा मरतोच, हे स्वतःपासून लपवू नये. गरजेपुरते आणि गरजेहून जास्त, यांत अंतर आहे. माळकऱ्याने ते रोज हाताने मोजायचे असते.

आणि आठ-दहा वेलांत कडेचा एक वेल तसाच सोडावा, काकबळी काढून ठेवतो तसा. ढालकिड्यांनाही तिथे खाणे मिळते. शेजारीण हसेल, हसू द्यावे.