दोन जलद

परवा रावेरच्या स्थानकावर बसलो असता ध्वनिक्षेपकातून ‘जलद’ हा शब्द कानी आला आणि मनात घर करून बसला. मोठा विलक्षण शब्द! जलद घोडा, जलद गाडी, जलद गाड्या. लिंग बदलो, वचन बदलो, हा काही वाकत नाही. घाईत असलेल्याला वाकायला सवड कुठली?

फारसी ‘जल्द’वरून हा आपल्याकडे आला. पण याच तीन अक्षरांचा एक संस्कृत शब्द आपल्या घरी आधीपासून नांदत होता. जल देणारा तो जलद, म्हणजे मेघ. एक जलद धावणारा, दुसरा वाट पाहावयास लावणारा.

आमच्या केळीच्या बागाईतदाराला दोन्ही लागतात. मृगात लावलेल्या बागेतून घड हाती यायला सुमारे वर्ष जाते. तेथे कोणाची घाई चालत नाही. घड कापला, की मात्र तो दूरच्या बाजारात वेळेवर पोचलाच पाहिजे. तेथे दिरंगाई चालत नाही.

घोटाळा होतो, तो वाहण्याचा वेग आपण पिकण्याला लावतो तेव्हा. कॅल्शियम कार्बाइडने सालीला रंग चढतो, पण आत गोडी उतरत नाही. अशी फळे विकण्यास २०११च्या अन्नसुरक्षा नियमांनी बंदी आहे. जलदगती न्यायालयाचेही तेच. जलद यावी ती तारीख. साक्ष ऐकणाऱ्या कानाने मात्र सावकाशच असले पाहिजे. म्हणून ‘जलद’ म्हणजे चांगले, असे सरसकट म्हणू नये. काय जलद, हे आधी विचारावे.

हे मला फार उशिरा उमगले. आई आजारी असल्याचे कळताच मी मुंबईहून मिळेल त्या जलद गाडीने आलो होतो. उशाशी बसलो. हात तिच्या हातात होता आणि डोळे मनगटावरच्या घड्याळाकडे. ती म्हणाली, “लवकर आला, बरं झालं. आता जायची काय घाई हाये रे तुले?”

मी काहीच बोललो नाही. परतीचे तिकीट खिशात होते, आणि त्या तिकिटाने मी त्याच रात्री गेलो. पुन्हा तिचा आवाज ऐकावयास मिळाला नाही.

वाचकहो, दिवाळीला जलद गाडीने जरूर घरी या. पण उंबरठ्याशी पायातल्या वहाणांबरोबर तो शब्दही काढून ठेवा.