मूल पाहिजे, पण कुणाचं?



मूल पाहिजे म्हणजे नेमकं काय पाहिजे, हा प्रश्न आपल्या अभ्यासवर्गात कुणी काढत नाही. आरक्षणावर, अत्याचारावर आपण रात्र रात्र बोलतो. आणि लग्नाला चार वर्षं होऊन पाळणा हलला नाही की तोच कार्यकर्ता बायकोला घेऊन गुपचूप कुठं कुठं फिरतो, कुणाला सांगत नाही. मीही त्यातलाच. भिवंडीला मागावर काम करतो, मुलुंडला डोंगराच्या कडेच्या वस्तीत राहतो. लग्नाला पाच वर्षं झाली. आम्ही दोघं आता इलाज सुरू करणार आहोत. सुई टोचायच्या आधी डोक्यातलं कागदावर आलेलं बरं, म्हणून लिहितो.

आपल्याकडे बाईला वांझ म्हणायला अख्खी वस्ती मोकळी असते. बाप्याचं नाव कुणी घेत नाही. खरं तर मूल न होणाऱ्या जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडेही दोष सापडतो, कधी त्याच्या एकट्याकडे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ साली सांगितलं की जगात सहातल्या एकाला आयुष्यात कधी ना कधी हा त्रास होतो. म्हणजे कुणाच्या पापाचं फळ वगैरे काही नाही. बाईच्या तपासणीला रक्त, सोनोग्राफी, नळ्यांचा फोटो. पुरुषाची पहिली तपासणी एका डबीत होते. तरी आधी बाईच फिरते. माझी बायको सरळ बोलली, "आधी तुमची डबी जाऊ द्या." गेली. बीज फार कमी निघालं. डॉक्टरनं काम विचारलं, तंबाखू विचारली. उष्णतेत तासन्‌तास काम, त्यानंही बीज कमी होतं म्हणे. कापड विणता विणता मालकानं आणखी काय काय घेतलं, त्याचा हिशेब पगाराच्या पावतीवर नसतो.

पण दोष माझा निघाला तरी सुया तिलाच. रोज इंजेक्शन, दहा-बारा दिवस. मग भूल देऊन अंडी काढायची, बाहेर फळवायची, गर्भ आत सोडायचा आणि दोन आठवडे श्वास धरून बसायचं. बहुतेकींना पहिल्या खेपेला नाहीच लागत. खाजगीत एका खेपेला लाखाच्या वर जातात. म्हणून लोक म्हणतात, जुळी द्या, एका खर्चात दोन. बाईच्या अंगाला धोका, पोरं दिवस भरायच्या आधी जन्मतात, हे कोण ऐकतो? मुलगाच हवा, हेही डॉक्टरच्या कानात सांगून बघतात. निवडून मुलगा मागणं गुन्हा आहे. गर्भलिंग तपासणीवर देशात पहिला कायदा महाराष्ट्रानंच १९८८ साली केला. कायदा आहे, मागणीही आहे.

खरी गंमत पुढं आहे. डॉक्टर म्हणाला, तुमच्या बीजानं जमलं नाही तर दात्याचं घेता येईल. ही गोष्ट चार विश्वासातल्या मित्रांत काढली. सगळे जातिअंतावर भाषण देणारे. एक म्हणाला, सवर्णाचं बी आपल्या घरात नको. दुसरा म्हणाला, उलट बरं, पोर गोरं होईल. तिसरा हळूच म्हणाला, आपल्यापेक्षा खालचा निघाला तर?

खालचा!

आत्यानं तर सरळच सांगितलं, "बाबा, आपल्यातलाच बघा."

बाबासाहेबांनी ९ मे १९१६ला न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात निबंध वाचला. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावून, आणि त्यासाठी बाईला जखडावं लागतं, हे त्यांनी तिथं मांडलं. वय पंचवीस. शंभर वर्षं उलटली. आता लग्नही लागत नाही, दाता दिसत नाही, त्याचं नाव कायद्यानं कळत नाही, तरी आपण नळीतल्या थेंबाला जात विचारतो. डॉक्टरकडे जोडपी ब्राह्मण दाता मागतात, अशा बातम्या वाचून आपण हसलो होतो.

रक्ताचं मूल हवं वाटण्यात लाज नाही, हेही सांगतो. ज्यांची पोरं उपाशी मेली, औषधाविना मेली, त्यांना वंश नावाचं काही उरावंसं वाटणारच. बाबासाहेबांची पाचातली चार मुलं लहानपणीच गेली. त्यामुळे घरात दोन पोरं खेळत असलेला माणूस जेव्हा मला "दत्तक घे की" म्हणतो, तेव्हा मला राग येतो. त्याला कुणी विचारलं का, तू का नाही घेतलं?

दत्तकाची गोष्ट काढायची तर जोतिराव-सावित्रीबाईंची काढावी. त्यांना मूल नव्हतं. दुसरं लग्न कर म्हणून घरच्यांनी धरलं, तेव्हा दोष माझ्यात असला तर सावित्रीनं दुसरा नवरा करावा का, असा उलटा सवाल जोतिरावांनी केला, असं चरित्रांत सांगतात. पुढं एका ब्राह्मण विधवेचा मुलगा, यशवंत, त्यांनी आपला केला. १८८७च्या मृत्युपत्रात वारस नेमला. १८९० साली जोतिराव गेले तेव्हा भाऊबंदांनी हरकत घेतली, दत्तकानं टिटवं धरू नये म्हणून. सावित्रीबाईंनी स्वतः टिटवं धरलं. यशवंत डॉक्टर झाला. रक्ताचा प्रश्न भाऊबंदांना पडला होता, त्या दोघांना पडला नव्हता.

आणि ही विद्या श्रीमंतांच्या घरची नव्हे. ६ ऑगस्ट १९८६ला परळला, गिरणगावाच्या मधोमध, पालिकेच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून टेस्टट्यूब मुलगी जन्मली. डॉ. आनंद कुमारांच्या सरकारी संशोधन संस्थेची साथ होती. भोवती गिरणी कामगार संपानंतर देशोधडीला लागलेले. आज त्याच विद्येचे बोर्ड स्टेशनाबाहेर लागतात, वर गोरं गुबगुबीत बाळ. आपल्या रंगाचं बाळ मी अजून एकाही बोर्डावर पाहिलं नाही.

२०२१च्या कायद्यात आहे की दवाखान्यानं यशाची शक्यता, खर्च, धोके आधी समजावून सांगावेत आणि लेखी संमती घ्यावी. दात्याच्या बीजानं झालेलं मूलही त्या जोडप्याचंच, पूर्ण हक्कानं. आम्ही दोघांनी कागदावर आपलं ठरवलं. दोनच खेपा. व्याजानं पैसा नाही. ती म्हणेल तिथं थांबायचं, कारण मी म्हणत नाही. दाता लागला तर जात विचारायची नाही, रंगही नाही.

एक बाकी आहे. दात्याचं असलं तर मुलाला सांगायचं का? मी म्हणतो, सांगायचं. ती म्हणते, "वस्तीत फुटलं तर तुम्ही कामावर असाल. नळावर मी असेन, शाळेत ते असेल." याला माझ्याकडे उत्तर नाही. सोमवारची वेळ मिळाली आहे, पाळी बदलून घेतली.