टोपणाचे छिद्र: अप्रमादाच्या तत्त्वाचा एक विचार

लहान मुलाच्या हाती दिलेल्या वस्तूने त्याला इजा झाली तर दोष कोणाचा मानावा, हा प्रश्न वरवर पाहता कायद्याचा किंवा व्यवहाराचा वाटतो. परंतु त्याच्या मुळाशी धर्मचिंतनातला एक जुना प्रश्न आहे आणि तो प्रमाद या संकल्पनेशी निगडित आहे. प्रमाद, पाली भाषेत पमाद, म्हणजे जेथे लक्ष द्यायला हवे तेथे ते नसणे, मनाची ढिलाई, बेसावधपणा. आणि त्याच्या उलट अप्रमाद म्हणजे सतत जागी असलेली काळजी, जिला धम्मपदात एक स्वतंत्र वर्ग वाहिलेला आहे आणि जिचा उपदेश बुद्धाने अगदी अखेरच्या शब्दांत केला, असे महापरिनिब्बाण सुत्त सांगते. प्रौढ माणसाकडून अप्रमादाची अपेक्षा करणे रास्त आहे. पण धोका म्हणजे काय हेच ज्याला अजून उमगलेले नाही, त्या तीन-चार वर्षांच्या मुलाकडून ती करता येईल काय, आणि येत नसेल तर त्याच्या वाट्याचा अप्रमाद कोणी पाळायचा? या प्रश्नाच्या विचारासाठी मार्कर ही अगदी साधी वस्तू येथे घेतली आहे, जिला शाळकरी मुले स्केचपेन म्हणून ओळखतात आणि जी आज बहुतेक घरांत मुलाच्या हाती येणाऱ्या पहिल्या लेखनसाधनांपैकी एक आहे.

हा विचार नागपुरात विशेष अर्थपूर्ण ठरतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, विजयादशमीच्या दिवशी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येथे लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धम्माचा स्वीकार केला आणि जी बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत सर्व प्राणिमात्रांविषयी करुणा बाळगण्याची आणि त्यांचा सांभाळ करण्याची प्रतिज्ञाही आहे. हाच दिवस अनेक मराठी घरांत पाटीपूजनाचा असतो. मूल पाटीवर आकड्यांची सरस्वती काढते आणि लेखनसाधनाला हात जोडते. अलीकडच्या काळात १४ एप्रिल ही बाबासाहेबांची जयंती आणि ६ डिसेंबर हा त्यांचा महापरिनिर्वाण दिन या दिवशी हार, फुले व मेणबत्त्यांऐवजी ‘एक वही, एक पेन’ अर्पण करून ती साधने गरजू मुलांपर्यंत पोहोचवण्याची कल्पनाही महाराष्ट्रात रुजली आहे. श्रद्धेचे प्रकार वेगळे असले तरी या सर्वांत पेन ही पवित्र देणगी मानली जाते. म्हणूनच त्या देणगीची घडण कशी असावी, हा प्रश्न धर्माच्या कक्षेबाहेरचा राहत नाही.

या प्रश्नाला थेट भिडणारा एक प्रसंग मज्झिमनिकायातील अठ्ठावन्नाव्या सुत्तात, अभयराजकुमार सुत्तात, आलेला आहे. बुद्ध कधी दुसऱ्याला अप्रिय वाटेल असे बोलतो काय, असा पेच घेऊन राजकुमार अभय त्याच्यासमोर बसला असता अभयाच्या मांडीवर एक तान्हे मूल पहुडलेले होते. बुद्धाने त्या मुलाकडे निर्देश करून विचारले, की अभयाच्या किंवा दाईच्या प्रमादामुळे या मुलाने काडी अथवा खडा तोंडात घातला तर तो काय करील. आणि अभयाने उत्तर दिले, की तो खडा आपण बाहेर काढू, त्यासाठी मुलाच्या तोंडातून रक्त आले तरी काढू, कारण मुलाविषयी अनुकंपा आहे. अप्रिय पण हितकर वाणीचे समर्थन करण्यासाठी हा दृष्टान्त योजलेला आहे आणि त्याची चर्चाही बहुधा त्याच अंगाने होते. तथापि प्रश्नाच्या रचनेतच दडलेली एक गोष्ट तितकीच मोलाची आहे: खडा तोंडात घालणारे मूल असले तरी प्रमाद मात्र मुलाचा म्हटलेला नाही, तो अभयाचा किंवा दाईचा, म्हणजे ज्यांच्या स्वाधीन ते मूल आहे त्यांचा, म्हटलेला आहे. मूल वस्तू तोंडात घालणारच. तो त्याच्या वयाचा धर्म आहे, ‘धर्म’ या शब्दाच्या स्वभाव या जुन्या अर्थाने. ज्याचा जो स्वभाव आहे त्याला त्याबद्दल दोष देता येत नाही. तो स्वभाव ठाऊक असूनही त्याची दखल न घेणाऱ्याला देता येतो.

सुत्ताच्या काळी मुलाभोवती दोघेच होते, अभय आणि दाई. आजच्या मुलाभोवती एक तिसरा माणूसही असतो, जो त्या घरात कधी पाऊल ठेवत नाही: वस्तूचा कर्ता, म्हणजे तिची आखणी करणारा, ती घडवणारा आणि विकणारा. मार्करचे टोपण मुलाच्या घशात गेले तर तेथे प्रमाद कोणाचा, हे ठरवायचे असेल तर आधी ते टोपण तोंडापर्यंत का जाते हे पाहावे लागते. मार्करच्या नळीत शाईने भिजलेला तंतूंचा बोळा असतो आणि सच्छिद्र टोकातून ती शाई केशाकर्षणाने, म्हणजे बारीक पोकळ्यांतून द्रव आपोआप ओढला जाण्याच्या गुणाने, कागदावर उतरते. हे टोक उघडे राहिले की शाईतील द्रव उडून जातो व टोक वाळते, आणि नागपूरसारख्या शहरात, जेथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, ते लवकर वाळते. म्हणून टोपण घट्ट बसवले जाते. घट्ट टोपण चिमुकल्या बोटांना निघत नाही, म्हणून मूल ते दातांत धरून ओढते. आणि ते अचानक सुटले की त्याच क्षणी आत घेतलेल्या श्वासाबरोबर घशात जाऊ शकते. एका टोकाला शाई टिकवण्याची रास्त काळजी आहे आणि दुसऱ्या टोकाला गुदमरलेले मूल आहे. या दोहोंमधील एकही कडी दुष्टाव्याने जोडलेली नाही. यावरून आणखी एक गोष्ट स्पष्ट होते, की वापरायला सोपे असणे आणि निर्धोक असणे हे मुलाच्या वस्तूचे दोन वेगळे गुण नाहीत. जे टोपण मुलाच्या बोटांना सहज निघते, ते दातांपर्यंत जाण्याचे मोठे कारणच उरत नाही.

या कोंडीतून निघण्याचा मार्ग आखणीच्या शास्त्राने शोधलेला आहे. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या लेखनसाधनांच्या टोपणांसाठी आयएसओ ११५४० हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. टोपण इतके मोठे असावे की १६ मिलिमीटर व्यासाच्या कड्यातून ते आरपार जाऊ नये, किंवा त्यात हवेला अशी वाट असावी की ठरवून दिलेल्या दाबाखाली मिनिटाला किमान ८ लिटर हवा त्यातून वाहावी, हे त्यातील मुख्य पर्याय होत. म्हणजे टोपण अडकलेच तरी मदत मिळेपर्यंत श्वास चालू राहावा. पण टोपणाला छिद्र पाडले तर शाई वाळेल. म्हणून टोपणाच्या पोटात टोकापुरता एक छोटा बंद कप्पा ठेवतात आणि हवेच्या वाटा त्या कप्प्याच्या बाहेरून काढतात. शाईचा श्वास कोंडायचा आणि मुलाचा मोकळा ठेवायचा, असे हे दुहेरी काम त्या बोटाएवढ्या पोकळीत साधलेले असते. याच्याच जोडीला शाई पाण्यावर आधारलेली व कातडीवरून धुऊन निघणारी असावी, ती सावकाश वाळावी म्हणून तिच्यात ग्लिसरीनसारखे ओलावा धरून ठेवणारे द्रव्य असावे, टोक मुलाने दाबले तरी आत घुसू नये, आणि नळी जाड व त्रिकोणी असावी, म्हणजे तीन बोटांची पकड अजून न जमलेल्या हातालाही ती पेलता येते आणि उतरत्या डेस्कवरून ती घरंगळत नाही. यांतील एकही उपाय मुलाला काही शिकवत नाही वा बजावत नाही. मुलाचे अनवधान गृहीत धरून ते सामावून घेण्याचे काम तो करतो.

येथे एक गंभीर आक्षेप उभा राहतो. बौद्ध विचारात चेतना, म्हणजे कृतीमागचा संकल्प, हेच कर्म मानले आहे. मग ज्या कर्त्याच्या मनात मुलाला इजा करण्याचा संकल्पच नव्हता, त्याला दोषी कसे म्हणायचे? याचे उत्तर त्याच विचारात आहे, कारण अकुशल कर्माची मुळे तीन सांगितली आहेत, लोभ, द्वेष आणि मोह, आणि त्यांतील द्वेष नसला तरी उरलेली दोन पुरेशी असतात. छिद्राची गरज ठाऊक असून चार पैसे वाचवण्यासाठी ते टाळणे हा लोभ आहे, आणि मूल या वस्तूचे काय करील असा प्रश्न स्वतःला कधी न विचारणे हा मोह आहे. जैन परंपरेने हाच मुद्दा अधिक नेमकेपणाने मांडला आहे: उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्याच प्रमादयुक्त प्रवृत्तीने होणारा प्राणघात अशी केलेली आहे, आणि साधूने पाळायच्या पाच समितींत, म्हणजे सावध वर्तनाच्या नियमांत, आदाननिक्षेप समिती ही वस्तू उचलताना व ठेवताना बाळगायच्या काळजीची आहे. वस्तू ठेवताना खाली एखादा जीव नाही ना हे पाहणे जर अहिंसा असेल, तर ती वस्तू जगात ठेवताना ती कोणत्या हातांत जाणार आहे हे पाहणे ही त्याच समितीची मोठी आवृत्ती होय. उपजीविकेच्या बाबतीतही अंगुत्तरनिकायात उपासकासाठी वर्ज्य सांगितलेल्या पाच व्यापारांत विषाचा व्यापार आहे. ज्या शाईत टोल्युइन किंवा झायलीन यांसारखे, ज्यांची वाफ मज्जासंस्थेला अपाय करते असे द्रावक आहेत, ती मुलांसाठी म्हणून विकणाऱ्याने सम्यक आजीविकेच्या या कसोटीवर स्वतःला घासून पाहिले पाहिजे.

परंतु मानकाची पूर्तता केली म्हणजे कर्तव्य संपले काय? ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बाबासाहेबांनी तत्त्व आणि नियम यांत भेद केला आहे आणि अहिंसा हे बुद्धाच्या दृष्टीने तत्त्व होते, नियम नव्हता, असे प्रतिपादन केले आहे. नियम माणसाला बांधून टाकतो, तर तत्त्व त्याला विवेकाने वागण्याची मोकळीक देते, आणि त्याबरोबर जबाबदारीही. १६ मिलिमीटर हा नियम आहे. तो आवश्यक आहे, कारण प्रत्येक कर्त्याच्या विवेकावर मुलांचे प्राण सोपवता येत नाहीत. पण नियमात जो धोका लिहिलेला नाही तो पाहणारी दृष्टी केवळ तत्त्वातूनच येते. छिद्र असलेले पण मुलाच्या बोटांना न निघणारे टोपण नियमाला पुरे पडेल, करुणेला पुरे पडणार नाही. त्याच ग्रंथात प्रज्ञा आणि करुणा हे धम्माचे दोन आधारस्तंभ म्हणून सांगितले आहेत, आणि येथे त्यांची सांगड आपोआप पडते: मुलाचा हात, घसा आणि श्वास यांचे ज्ञान नसलेली करुणा हळहळीपलीकडे जात नाही, आणि करुणा नसलेले ज्ञान त्या छिद्राचा खर्च मोजत बसते.

दुसरा आक्षेप शिक्षणाच्या बाजूने येतो. मुलाच्या वाटेतला प्रत्येक खडा उचलत गेले तर मूल सावध कधी होणार, असे विचारले जाते, आणि त्यात तथ्य आहे. नागपूरपासून जवळच असलेल्या वर्ध्यात ऑक्टोबर १९३७ मध्ये भरलेल्या शिक्षण परिषदेतून जी नयी तालीम पुढे आली, तिने तर सात वर्षांच्या मुलाच्या हाती टकळी आणि खऱ्या कामाची खरी अवजारे दिली. मुलाला अवजारापासून दूर ठेवण्यात तिला शहाणपण दिसले नाही. काही काळ अमरावतीत राहिलेल्या आणि पुढे बोर्डी व कोसबाड येथे बालशिक्षणाचे मोठे काम उभारणाऱ्या ताराबाई मोडक यांच्या बालवाडीतही वस्तू हाताळणे हेच शिकण्याचे मुख्य साधन होते. मात्र या आक्षेपात दोन प्रकारचे धोके एकत्र झालेले आहेत आणि ते वेगळे करणे अगत्याचे आहे. टकळीचे टोक दिसते, बोटाला टोचते, आणि त्या टोचण्यातून मूल काही शिकते. हा उघड धोका असून तो मुलाच्या जाणिवेच्या आवाक्यातला आहे. टोपणातून हवा जाणार नाही किंवा शाईच्या वासात अपाय आहे, हे मुलाला दिसत नाही, अनुभवाने कळत नाही, आणि कळेल तेव्हा शिकण्यासाठी वेळ उरलेला नसतो. उघड धोका मुलाचा गुरू होऊ शकतो. छुपा धोका हा विश्वासघात असतो, कारण मूल वस्तू हाती घेते ते ती देणाऱ्यावरच्या पूर्ण भरवशाने. म्हणून निर्धोक मार्कर हा मुलाला दुबळे करणारा लाड ठरत नाही. तो हाती असला की कोणी सतत खेकसणारे जवळ नसतानाही मूल मनसोक्त रेघोट्या मारू शकते, आणि ज्यातून पुढे अक्षर उमटायचे आहे ते स्वातंत्र्य याच मोकळेपणात असते.

अखेरीस प्रश्न देण्याचा आहे. अंगुत्तरनिकायात सत्पुरुषाच्या दानाची पाच लक्षणे सांगितली आहेत: ते श्रद्धेने, आदराने, योग्य वेळी आणि मोकळ्या मनाने दिलेले असते, आणि ते स्वतःला वा दुसऱ्याला इजा न करता दिलेले असते. पहिली चार लक्षणे देणाऱ्याच्या मनाशी संबंधित आहेत. पाचवे मात्र दान हातातून सुटल्यानंतरही देणाऱ्याच्या मागे येते. जयंतीला पेन अर्पण करणारा, दसऱ्याला पाटीजवळ नवे स्केचपेन ठेवणारी आई, शाळेला साहित्य देणारी संस्था, हे सर्व त्या पाचव्या लक्षणाने बांधलेले आहेत, आणि कर्ता व विक्रेता तर त्याहून अधिक. निर्धोक पेन महाग आणि पदपथावर सुटे मिळणारे पेन बेभरवशाचे अशी स्थिती असेल, तर श्वासाची सुरक्षितताही ऐपतीनुसार वाटली जाते, आणि ज्या नगरीत समतेची दीक्षा दिली गेली तेथे तरी हे सहन होण्याजोगे नाही. छिद्र हे सर्वांत स्वस्त टोपणालाही असले पाहिजे.

अभयाने तोंडातला खडा काढण्याची तयारी दाखवली, प्रसंगी रक्त सांडूनही. त्या उत्तरात अनुकंपा आहे, पण ती प्रमाद घडून गेल्यानंतरची आहे. अप्रमाद त्याच्या आधीच्या घटकेला सुरू होतो, साचा कोरला जात असताना, शाई मिसळली जात असताना, दुकानात पेन निवडले जात असताना. आणि तो पूर्णपणे पाळला गेला, तर रक्ताचा प्रश्नच उद्भवत नाही. मग मूल टोपण सहज काढते, बाजूला टाकते, आणि ते कोठे पडले याकडे न पाहता चित्र काढू लागते. तसे न पाहण्याचा त्याला त्या वयात अधिकार आहे, आणि तो अबाधित राखण्यासाठी पाहत राहण्याचे कर्तव्य मोठ्यांचे आहे.