प्रीतीची अतिशयोक्ति

आपणांस जें प्रिय आहे तें आहे त्याहून मोठें करून सांगणें, ह्यास असत्य म्हणावें काय? एका जुन्या चित्रामुळें हा प्रश्न माझ्यापुढें उभा राहिला.

रोम शहरांत पॅलाटाईन नांवाची टेकडी आहे. राजवाड्यास ‘पॅलेस’ म्हणतात, तो शब्द तिच्याच नांवावरून निघाला. तेथें डोमिशियन बादशाहानें बांधविलेला विशाल राजवाडा इ. स. ९२ च्या सुमारास पुरा झाला. मार्शल व स्टेशियस ह्या कवींनीं त्याची शिखरें ताऱ्यांस नेऊन भिडविलीं. राजकृपेकडे डोळे लावून बसलेल्यांनीं दुसरें काय करावें! सन ९६ मध्यें त्याच राजवाड्यांत बादशाहाचा खून झाला.

त्या राजवाड्याच्या पडक्या भिंती अठराव्या शतकांत जोव्हान्नी बात्तिस्ता पिरानेसी (१७२०–१७७८) ह्यानें तांब्याच्या पत्र्यावर कोरल्या. रोगण लावलेल्या पत्र्यावर सुईनें रेघा ओढावयाच्या, त्या तेजाबानें खोल करावयाच्या, मग त्यांत शाई भरून कागद दाबावयाचा, असें तें काम. अवशेषांचे दगड लोक नव्या इमारतींकरितां नेत होते, म्हणून निदान कागदावर तरी ते राहावेत अशी त्याची तळमळ होती; १७५६ सालच्या आपल्या चार खंडांच्या ग्रंथांत त्यानें ती लिहून ठेविली आहे.

परंतु त्याच्या चित्रांवर विसंबून जर्मन कवि गटे काराकाल्लाच्या स्नानगृहांचे अवशेष पाहावयास गेला, तेव्हां त्याचें समाधान झालें नाहीं. पिरानेसीनें तीं फारच भव्य दाखविलीं होतीं.

त्या दरबारी कवींची अतिशयोक्ति लाभाकरितां होती. ह्याची प्रीतीपोटीं होती. तो चित्रें परदेशी प्रवाशांस विकी, हें खरें. पण पोटाकरितां विकणें आणि पोटाकरितां खोटें बोलणें हीं एक नव्हेत. त्यास निर्दोष ठरवावेंसें मला फार वाटतें, कारण आम्ही उपदेशकहि तेंच करितों.

पण त्याच्या चित्रांतील माणसें पाहा. भिंतीच्या पायाशीं, चिंध्या पांघरलेलीं, किड्यामुंगीएवढीं. भिंत उंच दिसावी म्हणून माणूस लहान काढिला आहे. तिची वाढलेली उंची ह्या गरिबांच्याच अंगांतून घेतलेली आहे.

एकदां एका मोठ्या सभेंत मीं आमच्या मंडळींतील एका वृद्ध बंधूविषयीं बोललों. देवाच्या कृपेचें काम थोर दिसावें म्हणून त्याचें पूर्वींचें जिणें मीं होतें त्याहून काळें करून सांगितलें. लोक गहिंवरले. तो मागल्या रांगेंत बसला आहे, हें मला ठाऊक नव्हतें. सभा सुटल्यावर तो हळूच जवळ आला आणि खालीं मान घालून म्हणाला, “पाळकसाहेब, मी दारू पीत होतो खरा. पण बायकोवर हात कधीं उचलला नव्हता.”