दोनशे रुपयांची पायरी

रोह्याजवळ धाटावच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडे राबणाऱ्या पुरुष कामगाराच्या पगारपत्रकावर पीएफच्या आसपास एक बारीक नोंद असते: पीटी, 200. फेब्रुवारीत 300, म्हणजे वर्षाला 2,500. व्यवसाय कराची हीच रक्कम कंपनीच्या संचालकाच्या खात्यातूनही जाते. महिना 15,000 कमावणाऱ्याच्या मिळकतीचा हा जवळजवळ 1.4 टक्के भाग. महिना 5 लाख घेणाऱ्याच्या मिळकतीचा 0.04 टक्के. दोनशे रुपयांसाठी कोणी मोर्चा काढत नाही, म्हणून हा कर निवांत टिकून आहे.

या कराचा जन्म मात्र चांगल्या घरातला. 1972च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या हातांनी महाराष्ट्राला रोजगार हमी योजना दिली, वि. स. पागे यांनी तिला आकार दिला. तिच्या खर्चासाठी 1975 पासून व्यवसाय कर आला. ज्याला नोकरी आहे त्याने, ज्याला काम नाही त्याच्या मजुरीचा भार उचलायचा आणि तेवढीच भर सरकारने घालायची. असा कर देताना माणसाला अभिमान वाटावा. हेतू इतका स्वच्छ आणि आकारणी अशी लंगडी, याचेच नवल वाटते.

लंगडेपणाचे मूळ राज्यघटनेत आहे. अनुच्छेद 276 ने या करावर वर्षाला 250 रुपयांची मर्यादा घातली. 1988 साली साठाव्या दुरुस्तीने ती 2,500 केली आणि तिथेच ती थांबली. पगार वाढले, महागाई वाढली, मर्यादा जागची हलली नाही. महाराष्ट्रात पुरुषाचा पगार 10,000 च्या वर गेला की पूर्ण कर लागतो. बहुतेक उद्योगांतले किमान वेतनच आता त्यापुढे गेले आहे. म्हणजे जिन्याची सर्वांत वरची पायरी आज जमिनीला टेकली आहे, आणि त्या एका पायरीवर हेल्पर व संचालक शेजारी उभे आहेत.

हे रोह्यात घडावे याला एक वेगळी बोच आहे. स्वतंत्र भारताचे अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख या परिसरातले. त्यांच्या नावाचे महाविद्यालय रोह्यात आहे. मुंबईच्या प्रश्नावर 1956 साली मंत्रिपद सोडणारे म्हणून मराठी माणूस त्यांना ओळखतो. पण त्यांच्याच कारकिर्दीत 1953 साली मृत्युकर, म्हणजे वारशाने मिळणाऱ्या संपत्तीवरचा कर आला, हे फारसे कोणाला आठवत नाही. त्याच वर्षांत, पेण तालुक्यातल्या गागोद्याचे विनोबा गावोगाव चालत जमीन मागत होते. जुन्या कुलाबा जिल्ह्यातली, जेमतेम काही महिन्यांच्या अंतराने जन्मलेली ही दोन माणसे: एक कायद्याने घेणारा, दुसरा हात जोडून मागणारा. विनोबांविषयी पूर्ण आदर राखूनही माझे मत देशमुखांच्या बाजूने पडते. दान देणारा आपला वाटा स्वतः ठरवतो. नापीक तुकडा देऊनही त्याला पुण्य लागते. कायद्याने आलेल्या पैशातून मजुरी घेणाऱ्याला कोणाचे उपकार मानावे लागत नाहीत. पुढे मृत्युकर 1985 साली गेला, संपत्तीकर 2015 च्या अर्थसंकल्पात. पगारातून कापला जाणारा कर तेवढा राहिला.

पगारपत्रकच नाही, त्यांचे काय? पेणच्या गणपती कारखान्यात रंगकाम करणारी बाई पीटी भरत नाही. पण मोबाइलच्या रिचार्जवर 18 टक्के जीएसटी तीही देते, बंगलेवाल्याइतकाच. शाडूच्या मूर्तीवर जीएसटी शून्य, हे ऐकायला छान. पण विक्री करमुक्त असली की रंगावर भरलेल्या 18 टक्क्यांची वजावट कारखानदाराला मिळत नाही. तो बोजा मूर्तीच्या किमतीत टाकायचा. गिऱ्हाईक अडून बसले, तर डोळ्यांची आखणी करणाऱ्याच्या मजुरीत. देवाला माफी मिळाली, कारागिराला नाही.

2,500 ची मर्यादा उठवायला दिल्लीत घटनादुरुस्ती लागेल, तिला वेळ लागेल. खालची सूट वाढवणे मात्र मुंबईच्या हातात आहे. 2023 साली महिलांसाठी करमुक्त पगाराची मर्यादा 10,000 वरून 25,000 वर नेली, त्याला राज्याचा कायदा पुरला. तेच धाटावच्या हेल्परसाठी करताना तिजोरीची अडचण नक्कीच सांगितली जाईल. तेव्हा वरच्या मर्यादेसाठी राज्याने दिल्लीकडे किती वेळा आग्रह धरला, हेही विचारावे.