शास्त्राच्या तासाला मुलानें काय घेऊन यावें ?

(वाचन : यहोशवा, अध्याय ४; लूक, अध्याय २, ओव्या ४१ ते ५२)



जून महिना आला म्हणजे आमच्या खेड्यांतील शाळा उघडतात, आणि पांचवीपासून आठवीपर्यंतच्या मुलामुलींचा शास्त्राचा तास पुनः सुरू होतो. त्या वेळीं मुलांस दरवर्षीं नियम सांगण्यांत येतात : वेळेवर यावें, स्वतःचें पवित्र शास्त्र आणावें, वही आणावी, दर आठवड्यास एक ओवी पाठ करावी, गडबड करूं नये. हे सर्व नियम चांगले आहेत. आम्ही स्वतः ते कित्येक वर्षें फळ्यावर लिहीत आलों आहों, आणि ज्या वर्गांत निम्म्या मुलांजवळ पुस्तकच नाहीं तो वर्ग शिकविणें म्हणजे ओंजळीनें विहीर उपसणें आहे, हेंही आम्हांस ठाऊक आहे. परंतु मुलापासून जी एक गोष्ट मागावयास हवी तीच ह्या नियमांत बहुधा नसते. ती म्हणजे मुलाचा स्वतःचा प्रश्न.

हें आम्ही आपल्या पदरचें सांगत नाहीं. यार्देन नदींतून इस्राएल लोक कोरड्या जमिनीवरून पार गेले, तेव्हां प्रत्येक वंशामागें एक याप्रमाणें बारा धोंडे नदीच्या मध्यभागांतून उचलून आणावे अशी देवानें आज्ञा केली, आणि यहोशवानें ते गिलगाल येथें उभे केले. त्यांवर कांहीं कोरल्याचें त्या अध्यायांत लिहिलेलें नाहीं. मुके धोंडे ते ! मग त्यांचा उपयोग काय ? तर पुढें एखादें लेंकरूं त्या वाटेनें जाईल, हे धोंडे कशाचे म्हणून बापास विचारील, आणि तेव्हां बापानें सर्व हकीकत सांगावी. एकाच अध्यायांत हा मुलाचा प्रश्न दोनदां आला आहे. ओवी ६ व ओवी २१ पाहा. निर्गमाच्या १२ व्या अध्यायांत वल्हांडणाविषयीं हेंच आहे, १३ व्या अध्यायांत प्रथम जन्मलेल्यांविषयीं हेंच आहे, आणि आज्ञा व विधि यांविषयीं अनुवादाच्या ६ व्या अध्यायांत पुनः तेंच आहे. आमच्या घरांत मूल कां, कशाला, असें विचारूं लागलें कीं आम्ही म्हणतों, गप बस, मोठ्यांच्या मध्यें बोलूं नको. देवानें मात्र मूल विचारील म्हणून आधींच धोंडे रचून ठेविले. आणि ह्या सर्व ठिकाणीं बापानें जें उत्तर द्यावयाचें तें, असें लिहिलें आहे म्हणून करावें, एवढेंच नाहीं. देवानें आम्हांला कसें सोडविलें, हें त्यानें सांगावयाचें आहे.

मग प्रभूकडे पाहा. तो बारा वर्षांचा होता, म्हणजे आमच्या सहावी-सातवींतील मुलाएवढा. मरीया व योसेफ यांस तो तीन दिवसांनीं मंदिरांत सांपडला, तेव्हां तो शास्त्र्यांच्या मध्यें बसून त्यांचें ऐकत होता व त्यांस प्रश्न विचारीत होता. ज्याला सर्व ठाऊक त्यानेंही आधीं ऐकलें, मग विचारलें. आणि त्यानंतर तो आईबापांबरोबर नासरेथास गेला व त्यांच्या आज्ञेंत राहिला. ऐकणें, विचारणें आणि घरीं जाऊन आज्ञेंत राहणें, हीं तिन्ही एका मुलाच्या ठायीं एकत्र असूं शकतात. जो मुलगा विचारतो तो उद्धट झाला असें समजणाऱ्या आम्हां शिक्षकांनीं लूकाचा हा भाग फिरून वाचावा.

आम्हीही एके काळीं तसेंच समजत होतों, आणि त्यापासून काय झालें तें आज लाज बाजूस ठेवून सांगतों.

सेमिनरींतून नुकतेच बाहेर पडलों असतां आम्ही एका गांवीं शिक्षक होतों, व सहावीचा शास्त्राचा तास आमच्याकडे होता. एके दिवशीं काइन व हाबेल यांचा धडा चालला होता. हाबेलानें कळपांतलें अर्पण आणलें, काइनानें जमिनीचें उत्पन्न आणलें, आणि देवानें हाबेलाचें मान्य केलें, इतकें सांगून आम्ही पुढें जाणार, तोंच मागच्या बाकावरील एक शेतकऱ्याचा मुलगा उठून म्हणाला, “गुरुजी, काइन तर शेतकरीच होता. त्यानं शेतातलंच आणलं. मग देवानं ते का नाही घेतलं ? माझा बा बी जोंधळंच आणतो की.”

वर्ग हंसला. आम्हांजवळ उत्तर तयार नव्हतें, आणि नाहीं असें म्हणण्याचें धैर्यही नव्हतें. आम्ही म्हणालों, “देवाच्या निर्णयावर बोट ठेवतोस काय ? रक्ताशिवाय अर्पण नाही, एवढं लक्षात ठेव.” आणि तास संपेपर्यंत त्याला उभें केलें. सहामाही परीक्षेंत तोच प्रश्न आला. त्यानें आमचेच शब्द जसेच्या तसे लिहिले, आणि आम्ही पैकीच्या पैकी गुण दिले.

त्या साली हंगामाच्या उपासनेच्या दिवशीं लोकांनीं आपआपले दाणे, भाजीपाला, कोंबड्या आणल्या. त्या मुलाचा बाप दरवर्षीं पायलीभर जोंधळे आणीत असे. तो त्या दिवशीं आलाच नाहीं, आणि पुढें रविवारींही दिसेना. पीक बुडालें असेल असें आम्हांस वाटलें. दोन महिन्यांनीं त्या मुलाची आजी वाटेंत भेटली, तेव्हां खरी गोष्ट कळली. मुलानें घरीं जाऊन सांगितलें होतें, “आपलं अर्पण काइनाचं आहे, देवाला दाणं चालत नाहीत, असं गुरुजी म्हणाले.” बापाला वाचतां येत नव्हतें. शाळेंत जें शिकवितील तें पोर घरीं आणील, ह्या भरंवशावरच त्यानें त्याला शाळेंत घातलें होतें. म्हणून एक बकरूं घेण्यापुरते पैसे सांठले कीं देवापुढें जाऊं, असें म्हणून तो घरीं बसला होता.

त्याच रात्रीं आम्ही त्यांच्या घरीं गेलों. दिव्याजवळ पुस्तक उघडून लेवीयाचा २ रा अध्याय मुलाकडूनच वाचविला. तेथें सपीठ, तेल व धूप यांचें अन्नार्पण स्वतः देवानेंच ठरवून दिलें आहे. मग अनुवादाचा २६ वा अध्याय वाचविला. जमिनीच्या प्रथम उपजाची टोपली घेऊन शेतकरी देवापुढें येतो, व ती घेतली जाते. मग उत्पत्तीच्या ४ थ्या अध्यायाकडे आलों. दाणे होते म्हणून अर्पण नाकारलें, असें तेथें कोठेंही लिहिलेलें नाहीं. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या ११ व्या अध्यायांत हाबेलाच्या विश्वासाकडे बोट दाखविलें आहे. आणि काइनालाही देवानें टाकून दिलें नाहीं. त्याचा हात भावावर पडण्यापूर्वीं देव त्याच्याशीं बोलला, त्याचें तोंड कां उतरलें हें त्याला विचारलें, व त्याला सावध केलें. ज्या मुलाला प्रश्न विचारल्याबद्दल आम्ही उभें केलें, त्याच्याच धड्यांत देव प्रश्न विचारीत होता. तें आम्हांस दिसलें नव्हतें.

आम्ही बापासमोर त्या मुलाची क्षमा मागितली. बाप बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. शेवटीं म्हणाला, “म्हंजे जोंधळं चालत्यात म्हना की.” तो पुढल्या रविवारीं आला. मुलाला मात्र आमच्यापुढें पुनः तोंड उघडण्यास वर्ष लागलें.

शिक्षकबंधूंनो, वर्गांत प्रश्न निघाला आणि उत्तर येत नसलें, तर “बुधवारी पाहून सांगतो” असें म्हणण्यांत कमीपणा नाहीं. मात्र बुधवारीं सांगितलें पाहिजे. बिरुया येथील लोक प्रत्यक्ष पौलाचें बोलणें ऐकून दररोज शास्त्रांत शोध करीत कीं ह्या गोष्टी अशाच आहेत काय. आणि प्रेषितांच्या कृत्यांच्या १७ व्या अध्यायांत त्याबद्दल त्यांस नांवें ठेविलेलीं नाहींत, उलट त्यांची थोरवी गाइली आहे. आमचें शिकविणें पौलाहून वरचें आहे काय ? टवाळीसाठीं विचारणारीं मुलेंही असतात हें खरें. बारा-तेरा वर्षांचें पोर एकाच तासांत टवाळीही करतें व मनापासूनही विचारतें. टवाळीच्या प्रश्नाला एकदां गंभीरपणें उत्तर दिलें म्हणजे दुसऱ्यांदा तो सहसा येत नाहीं, असा आमचा अनुभव आहे.

ओव्या पाठ करणें व्यर्थ आहे असें मात्र कोणी समजूं नये. पंडिता रमाबाईंनीं लहानपणीं आपल्या आईजवळ संस्कृत श्लोकांचा मोठा सांठा मुखोद्गत केला होता. त्याच बाईंनीं मोठेपणीं हिब्रू व ग्रीक ह्या भाषांचा अभ्यास केला, कारण मुळांत काय आहे हें त्यांस पाहावयाचें होतें, आणि साध्या बायकांस समजेल अशा मराठींत संपूर्ण पवित्र शास्त्र आणावयाचें होतें. केडगांवच्या मुक्तींत तें काम वर्षानुवर्षें चाललें. १९२२ सालीं रमाबाई वारल्या व १९२४ सालीं तें शास्त्र छापून निघालें. आज संपूर्ण मराठी शास्त्र खिशांतल्या मोबाईलमध्येंही मावतें. पण खिशांत असलेलें मनांत असतेंच असें नाहीं. म्हणून पाठ करावें. ओवी पाठ असली कीं गुरें राखतांनाही ती बरोबर असते, आणि प्रश्न पुष्कळदां तेथेंच सुचतो.

परीक्षेविषयीं थोडेंच बोलतों. शास्त्राच्या पेपरांत नक्कल करणारीं मुलें आम्हीं पाहिलीं आहेत. चोरी करूं नये ही आज्ञा शेजाऱ्याच्या कागदावरून उतरून घेणारा एक मुलगा तर आम्ही स्वतः धरला. हंसूं आलें, पण मागून वाटलें कीं दोष एकट्या त्याचा नाहीं. गुण हेंच त्या तासाचें फळ आहे असें आम्हींच त्याला शिकविलें होतें. एक कोरी ओळ प्रामाणिकपणें सोडणारें मूल आम्हांस हवें आहे, आणि त्याला घरीं मार बसूं नये अशी आईबापांस विनंति आहे.

आमच्या शाळांत हिंदु, मुसलमान व बौद्ध घरचीं मुलेंही बसतात. भारताची राज्यघटना १९५० सालीं अमलांत आली; तिच्या २८ व्या कलमाप्रमाणें, सरकारमान्य किंवा सरकारी मदत घेणाऱ्या शाळेंत अज्ञान मुलाला त्याच्या पालकाच्या संमतीवांचून धर्मशिक्षणास बसवितां येत नाहीं. हें आम्हांस न्यायाचें वाटतें. प्रभूनें कोणाला ओढून आणल्याचें शुभवर्तमानांत दिसत नाहीं. श्रीमंत तरुण खिन्न होऊन निघाला तेव्हां त्यानें त्याला जाऊं दिलें. जें मूल पालकांच्या इच्छेनें येतें त्यानें नीट ऐकावें इतकीच त्यापासून अपेक्षा. आमच्या मुलांपासून मात्र अधिक अपेक्षा आहे. शेजारच्या मुलाच्या घरच्या देवाची थट्टा करून आपण प्रभूची सेवा केली असें समजणारा मुलगा त्या तासांत अद्याप कांहीं शिकलेला नाहीं.

आतां आईबापांकडे येतों. मुलगी तासाहून घरीं आली कीं, “आज किती गुण मिळाले ?” असें न विचारतां, “आज काय विचारलंस ?” असें विचारून पाहा. तुम्हांस वाचतां येत नसेल तर जेवणानंतर तिच्याकडून दहा ओव्या वाचवून घ्या. ज्या घरांत पहिला वाचक बारा वर्षांचा आहे त्या घरांत देवाचें वचन त्याच्या तोंडूनच येणार. म्हणून तो काय ऐकून आला हें तपासणें बापाचेंही काम आहे. त्या शेतकऱ्यानें आपल्या पाळकास एक शब्द विचारला असता तर दोन महिने तो देवाच्या घराबाहेर राहता ना. पण त्यानें विचारावें तरी कसें ? विचारणाऱ्याला उभें करतात, हें त्याच्या मुलानें घरीं सांगितलेंच होतें.

ह्या वर्षीं आम्ही आपल्या मंडळींतील सातवीच्या मुलांस नियम सांगण्याऐवजीं एक कोरी चिठी दिली, व शास्त्रांतील एक प्रश्न नांव न घालतां लिहून आणावयास सांगितलें. कांहीं चिठ्या कोऱ्या आल्या. तिघांनीं नोहाच्या तारवांत वाघ काय खात होता हें विचारलें आहे. ह्यांतील दोन प्रश्न टवाळीचे आहेत व एक खरा आहे, असा आमचा तर्क आहे. एकानें, आजोबा बाप्तिस्मा न घेतां वारले, ते कोठें आहेत, असें विचारलें आहे. त्याच्याशीं एकांतांत बोलण्यासाठीं अक्षरावरून आम्ही त्याचा शोध करीत आहों. आणि एका चिठीवर, बहुधा मुलीच्या हातचें, शिमोनाच्या सासूविषयीं आहे : तिचा ताप प्रभूनें घालविला आणि ती लगेच उठून सर्वांची सेवा करूं लागली, तर त्या दिवशीं तिला कोणी विसांवा घे म्हणालें नाहीं काय ?

मार्काचा १ ला अध्याय आम्हीं त्यानंतर दोन वेळां वाचला आहे. बुधवारीं त्या वर्गांत जावयाचें आहे.