ममता आणि ममत्व

सुरतेत मुक्या प्राण्यांच्या सेवेची परंपरा फार जुनी आहे. जॉन ओव्हिंग्टन या इंग्रज पाद्र्याच्या, 1696 साली लंडनला प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात, या शहराजवळच्या प्राण्यांच्या रुग्णालयाचा उल्लेख सापडतो. आजारी, लंगडी, वृद्ध झालेली गुरे, घोडे, बकऱ्या आणि कुत्री तेथे सांभाळली जात. येथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या मराठी घरांनाही वडीलधाऱ्यांच्या पुण्यतिथीस पांजरपोळीत चाऱ्याचे पैसे देणे नवे नाही. परंतु दारात देणगी देऊन परतणे आणि एखादा जीव काही काळापुरता घरी आणणे, यांत पुष्कळ अंतर आहे. ते आम्हांला सेवानिवृत्तीनंतर उमगले.

गेल्या हिवाळ्यात एका निवारागृहाच्या विनंतीवरून आम्ही कुत्र्याचे एक पिल्लू सहा आठवड्यांसाठी घरी आणले. मागचा पाय मोडलेला होता. निवारागृहातील गर्दीत संसर्गाचे भय असते. म्हणून हाड जुळेपर्यंत आणि लसी पूर्ण होईपर्यंत त्यास घर मिळावे, एवढीच अपेक्षा होती. तीन दिवस ते पलंगाखालून बाहेर आले नाही. चौथ्या दिवशी मात्र आमच्या चपलेवर मान टाकून झोपले. मुदत संपली आणि अडाजणच्या एका कुटुंबाने त्यास दत्तक घेतले. गाडीच्या काचेतून ते आमच्याकडे पाहत राहिले. विश्वास जडू द्यायचा आणि मग दुसऱ्याच्या हाती सोपवायचे, ही दया की फसवणूक?

त्या रात्री भागवतातील भरत राजाची कथा आठवली. पोरक्या हरणाच्या पाडसाला त्याने वाचवले, वाढवले. पण अंतकाळीही चित्त त्यातच गुंतल्याने त्यास मृगाचा जन्म आला. कथेचा दोष दयेकडे नाही, 'माझे' या भावनेकडे आहे, असे आम्हांस वाटते. आम्ही सरकारी नोकरीत अनेकदा अतिरिक्त कार्यभार सांभाळला. खुर्ची आपली नाही हे ठाऊक असूनही काम मनापासून करायचे आणि दप्तर नीट लावून पुढच्याच्या स्वाधीन करायचे, हा तेथला धडा. तो येथे अपुरा पडतो. दप्तर कुणाची वाट पाहत नाही, पिल्लू पाहते.

आम्ही सौभाग्यवतींना म्हणालो, "परत मागून घेऊ या का?" त्या म्हणाल्या, "अहो, हे कायमचे ठेवले तर पुढच्याला जागा कुठली? आणि आपले वय?" कुत्रे बारा-चौदा वर्षे जगते. पासष्टी उलटलेल्या आम्ही तेवढ्या वर्षांचे वचन कोणत्या बळावर द्यावे? सहा आठवड्यांचे मात्र देता येते, आणि पाळताही येते.

तरीही फसवणुकीचा प्रश्न पुरता सुटत नाही. पिल्लाला ताटातुटीचे कारण समजावता येत नाही. तेव्हा ती सुसह्य करणे हे आमचे कर्तव्य ठरते. म्हणून त्याच्या अंगाखालची जुनी चादर आणि खाण्याच्या वेळांचा कागद आम्ही त्या कुटुंबास दिला होता. महिन्याने भेटावयास गेलो. ते धावत आले, आमचे हात हुंगले आणि त्या घरच्या मुलीमागे निघून गेले. क्षणभर वाईट वाटले. ते वाईट वाटणे ममत्वाचे होते. ममतेला तर हेच हवे होते.

निवारागृहातून पुन्हा विचारणा झाली आहे. या खेपेस मांजरीची दोन पिल्ले आहेत. पलंगाखालची जागा आम्ही झाडून ठेवली आहे.